मोटारीच्या जागी मी

"बयो, इतकं छान पडू नकोस. छान पडणाऱ्याला हे लोक पुन्हा पुन्हा पाडतात," असं मला सांभाळणारा एलिसेओ म्हणाला होता. माशी उडवावी तशी मी ती गोष्ट कान हलवून उडवली.

मित्रांनो, मी पालोमा, एक म्हातारी लंगडी घोडी आहे. न्यू मेक्सिकोतल्या लाल कड्यांखाली मी चित्रपटांत काम करायचे. भरधाव पळताना स्वाराने लगाम डावीकडे ओढला, की गोळी लागल्यासारखं कोसळायचं. पडायच्या जागी एलिसेओ आधी माती खणायचा, दगड वेचायचा, वर भुसा पसरायचा. मी पडले की लोक टाळ्या वाजवायचे, गाजरं द्यायचे. कॅमेऱ्यामागे माझी लहानगी लेक लूपे उभी असायची. मी उठेपर्यंत ती गवताला तोंड लावत नसे.

एकदा एका जुन्या गुन्हेगारीपटाची गोष्ट काउबॉयच्या चित्रपटात बसवायचं ठरलं. शहराच्या जागी वाळवंट आलं, बँकेच्या जागी आगगाडी, आणि पळणाऱ्या दरोडेखोराच्या मोटारीच्या जागी मी.

"मोटार वळणावर उलटली होती," दिग्दर्शक म्हणाले. "ही सपाटीवर का पडते?"

"साहेब, माती इथं खणलीय. वळणावर नुसता खडक आहे."

"मोटारीला कुणी माती खणून दिली होती का रे?"

सगळे हसले.

"मोटारीला पोर नव्हतं, साहेब. थोडा वेळ द्या, तिथं खणतो."

"ऊन उतरतंय, एलिसेओ. हो बाजूला."

तो झाला नाही. दोघांनी त्याला धरून बाजूला नेलं.

वळणावर लगाम ओढला गेला. खडक मला दिसत होता. तरी मी पडले. दुसरं काही मला शिकवलंच नव्हतं.

डाव्या खांद्याचं हाड मोडलं. लूपे खिंकाळत होती. साहेब म्हणाले, "हुबेहूब."

हाड मोडलेल्या घोड्याला गोळी घालतात. एलिसेओने मला ती घालू दिली नाही. मी त्याच्या कुरणात तीन पायांवर उभी असते. पण लूपे चित्रपटवाल्यांच्याच मालकीची. ती आता मोठी झाली आहे, आणि रंगाने माझ्यासारखी दिसते म्हणून तिला पडायला शिकवायला नेलं आहे.

मित्रांनो, पडद्यावर घोडा कोसळला की लगेच टाळी वाजवू नका. त्यानंतरचं तुम्हाला कुणी दाखवत नाही. आणि त्या कड्यांकडे कधी गेलात, तर माझ्या लेकीला एकदा भेटा. तिला चार पावलं चालवा. पुढचा डावा पाय ती नीट टेकते का, तेवढं बघून या.