राजाच्या गालावरच्या रेघा

बस इथं, कोट काढ आणि ऐक. आमच्या यॉर्कटन गावच्या, जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या ओरेस्टची गोष्ट सांगतो.

माजी सैनिकांच्या हॉलच्या तळघरात मंडळी जमायची. रीत अशी, की नाणं टेबलावरनं फिरवायचं आणि ज्यानं त्यानं आपलं मत चिठ्ठीवर लिहून पालथं ठेवायचं. शेवटची पाळी ओरेस्टची. त्याचा शब्द म्हणजे निकाल.

त्या दिवशी स्टेफा आली. तिचा नवरा वासिल सुगीच्या वक्ताला वारला होता. ऐन तरुणपणात ट्रॅक्टर विकून त्यानं सत्तेचाळीसचा चांदीचा डॉलर घेतला होता. विकणारा म्हणाला होता, टांकसाळीनं बड्या पाहुण्यांसाठी जपून पाडलेलं खास घडणीचं नाणं आहे. वासिलच्या भावांनी जन्मभर टर उडवली, की साधंच नाणं कुणीतरी घासून चमकवलं आणि या येड्याच्या गळ्यात मारलं. दफनानंतरच्या जेवणातही तेच चाललं होतं. स्टेफाला नाणं विकायचं नव्हतं. नवरा फसला होता का, एवढंच तिला ऐकायचं होतं.

गॅस्टन म्हणजे ओरेस्टचा जुना हाडवैरी. त्यानं नाणं एकदाच फिरवून पाहिलं, चिठ्ठी खरडली, पालथी टाकली. मग नाणं ओरेस्टकडं आलं.

त्यानं ते कडेनं धरून दिव्याखाली तिरकं केलं. चमक तर होती. पण अशा चमकेत बारीक रेघा असतात आणि खरी गोम त्यांच्यातच. टांकसाळीत नाणं पाडायचा साचाच घोटलेला असला तर त्या नाण्यावरच्या राजाच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबतात. मागनं कुणी फडक्यानं घासलं असलं तर गालावरनं सरळ पुढं जातात. आणि ओरेस्टला तो गालच दिसेना. अख्खा हिवाळा डोळ्यांत धुकं साठत होतं, आणि हा कुणाला बोलला नव्हता. त्यानं भिंग पुसलं, परत पाहिलं. धुकंच.

'खास' म्हणून मोकळा झाला असता तर कोण विचारणार होतं? स्टेफा सुखानं घरी गेली असती, याचा मानही राहिला असता. पण तिनं हातमोजे मुठीत आवळून धरले होते आणि नजर याच्या तोंडावरनं हलत नव्हती.

ओरेस्टनं नाणं गॅस्टनपुढं धरलं. "मला दिसत नाही रे. रेघा गालावर चढतात का, तू बघ."

गॅस्टननं नाणं घेतलं, पण बघितलं ओरेस्टकडं.

"कधीपासनं, म्हाताऱ्या?"

"आधी नाणं बघ."

गॅस्टननं भिंग डोळ्याला लावलं. नाणं फिरवलं, थांबला, परत फिरवलं. हळूहळू त्याची मान लाल होत गेली.

"नाही चढत. नाकापाशी थांबतात, सगळ्या." त्यानं आपली चिठ्ठी उलटी केली. तिच्यावर 'घासलेलं' लिहिलं होतं, ते त्यानं सगळ्यांदेखत खोडलं. "मी घाई केली, स्टेफा. वासिल फसला नव्हता."

स्टेफानं नाणं घेतलं आणि म्हणाली, हेच तिच्या दिरांना तोंडावर सांगायला दोघांनी यायचं, आत्ताच. ओरेस्टनं गाडीची किल्ली काढली, तर गॅस्टननं ती हिसकावून घेतली. हा आंधळा बर्फातनं इथवर गाडी हाकत आला तेवढं पुरे, म्हणाला.

आता माझं एक काम कर. तुझा बापही हल्ली सारखा चष्मा पुसत असतो, त्याला या आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडं ने. तो नाही म्हणेल. ऐकू नकोस.