रोमचं सफरचंद

तुकडा : उंबरठा

गाडी बाहेरच्या नंबरची होती. तेवढ्यावरच पुंजाजी पाटलांनी ठरवलं की मूर्तिचोर आले.

उतरला एकच, बावीस-तेवीस वर्षांचा आल्हाद. कुठल्याशा संस्थानाचा वारस. संस्थान गेलं, बंगला राहिला. त्याच्या पणजोबांना अठराव्या वर्षी गोऱ्या मास्तरासोबत सफरीवर पाठवलं होतं. गादीवर बसण्याआधी राजपुत्राची नजर तयार व्हावी म्हणून. आधी वेरूळ, अजिंठा, लोणार, ही सातपुड्याच्या पायथ्याची देवळं. मग बोटीने इटली. आल्हाद त्याच वाटेने निघाला होता, पणजोबांनी काढलेली चित्रं घेऊन.

त्यातली चार हातांची देवी वरवट बकालच्या पुढच्या या गावची होती. गाभाऱ्यात मात्र नुसता चौथरा.

पुजारी शालिग्राम महाराजांनी त्याला उंबरठ्यावर थांबवलं. आत पाटीलही येत नाहीत, म्हणाले. आज्याच्या वेळेपासून आमच्या घराशिवाय आत कुणी पाऊल टाकलेलं नाही. सांगताना त्यांची मान ताठ झाली. अभिमानाने सांगावं असं त्यांच्या घराकडे तेवढंच उरलं होतं.

चित्र जरा जास्तच जवळून काढलेलं होतं. उंबरठ्यावरून दिसली नसती अशी पायाची बोटंसुद्धा त्यात होती. शालिग्रामांनी ते घडी घालून परत दिलं.

तुकडा : गाव काय म्हणतं

की शालिग्रामांच्या आज्यानं देवी विकली.

आजा म्हणायचा, खंडित झाली म्हणून देवळाच्या पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत सोडली. सोडलेली देवी वर काढायची नसते, म्हणून कुणी गाळ उपसला नाही. आणि उपसला नाही म्हणून कुणी विश्वासही ठेवला नाही. पुढच्या महिन्यात नवी संगमरवरी मूर्ती बसणार होती. पुंजाजी समितीचे अध्यक्ष. नव्या देवीची पूजा विकणाऱ्याच्या घरात द्यायची नाही, हे जवळपास ठरलं होतं.

तुकडा : गहाळ

देवी खंडित कशी झाली, ते. आज्यानं कधी सांगितलं नाही.

तुकडा : फळ

पुंजाजी येऊन ओट्यावर बसले. "आता काय न्यायचं राह्यलं राजे? उंबरठा?"

आल्हादला टोमणा कळला. आमच्या घराण्यात चोरी नसते, विकत घेतो, असं काहीतरी बोलून गेला आणि आपणच लाजला. मग घर दाखवायला मोबाइल काढला. पणजोबांचं कपाट, इटलीहून आणलेले संगमरवरी पाय, नाक नसलेला एक सम्राट. त्यांच्यामध्ये काळ्या दगडाचा एक हात, मुठीत फळ. खाली पितळी पट्टी : सौंदर्यदेवतेचा हात, सफरचंदासह. रोम.

शालिग्रामांनी मोबाइल हातातून घेतला. परत देईनात.

"हे सफरचंद नाही, साहेब. महाळुंग हाय, लिंबाच्या जातीचं. आमच्या देवीचं."

आल्हादने चित्र उघडलं. उजवा खालचा हात, फळ, मनगटावर नागाचं कडं. फोटोतही तेच कडं. चार पिढ्या जो हात रोमचा म्हणून पाहुण्यांना दाखवला, त्याच्याकडे तो बघत राहिला.

पुंजाजी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होते. "तुमचं दोघाईचं आधीच ठरलं तं नाही ना, महाराज?"

मग त्यांनी बारवेचं पाणी उपसायला मोटर मागवली. देवी वर काढत नाही, नुसतं पाहतो, म्हणाले. आल्हादच्या गाडीची चावी तेवढ्यात त्यांच्या खिशात गेली होती.

तुकडा : मनगट

उन्हाळ्यामुळे बारवेत पाणी कंबरेइतकंच होतं. ते उपसल्यावर शालिग्राम एकटेच खाली उतरले. गाळात हात घालत कडेकडेने गेले. कोनाड्याखाली बोटांना मुकुट लागला. मग खांदा.

वरून पुंजाजींना तेवढं दिसलं. डोक्यावरची टोपी काढून ते म्हणाले, "पूजा तुमचीच, महाराज. आमचं चुकलं."

शालिग्रामांनी ऐकलं. त्यांचा अंगठा देवीच्या उजव्या खालच्या, तुटक्या मनगटावर होता. हात पडून तुटला असता तर कड वेडीवाकडी असती. ही सरळ होती. कडेने छिन्नीचे घाव, एकाशेजारी एक, सावकाश घातलेले. इतके घाव घालायला गाभाऱ्यात दिवा धरून कुणीतरी उभं राहिलं असणार. आणि गाभाऱ्यात आज्याशिवाय दुसरं कुणी जात नव्हतं.

आल्हाद मोबाइल घेऊन पायऱ्या उतरू लागला. मनगटाचा फोटो हवा, म्हणाला, हात तंतोतंत बसतो का ते बघता येईल. बसला तर आणून देतो.

शालिग्रामांनी ओंजळभर गाळ मनगटावर ओढला.

"खंडित मूर्तीचा फोटो घेत नसतात," ते म्हणाले. "पाणी सोडा परत."

आल्हाद मधल्या पायरीवर थांबला. पुंजाजी टोपी हातात धरून काठावर वाकले. त्यांनी गाळाकडे पाहिलं, मग शालिग्रामांच्या हाताकडे.

"हा नेम कवापासून, महाराज?"

"आज्यापासून," शालिग्राम म्हणाले.