चार बोटं आखूड

फस्टगेरच्या बायकोच्या छातीत दगड होता. म्हणजे दगडाची पूड. बावीस वर्षं ती खडी मशीनच्या तोंडाशी उभी राहून खडी चाळायची, आणि पगार महिन्याला मिळायचा पण ही पूड रोजच्या रोज, न मागता. आता दहा पावलं चालली की ती भिंत धरायची आणि भिंतीलाच म्हणायची, "थांब गं बाई, जरा दम घेऊ दे."

फस्टगेर हे काही त्याचं नाव नव्हे. खाणमालकाची जीप त्यानं उभा जन्म चालवली, आणि चढ असो की सपाटी, गडी पहिल्या गिअरमधून लवकर बाहेर यायचा नाही. लग्नाला होकार द्यायलाही त्याला दीड वर्ष लागलं, असं बायको येईल त्याला सांगायची. मालक म्हातारा होऊन गेला, तेव्हा मुलांनी ती जुनाट जीप फस्टगेरच्या गळ्यात मारली. इंजिन अजून टकाटक. पण काचांभोवतीचं रबर वाळून कडक झालेलं, आणि कोपऱ्या-कोपऱ्यात फटी.

डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं. "दर पंधरा दिवसांनी गुरुवारी यांना औषधासाठी खाली दवाखान्यात आणायचंच. पण त्या खाणीच्या रस्त्याची धूळ आणखी आत गेली तर मी काही करू शकत नाही. गाडी बंदिस्त करा आणि खुशाल घरी ठेवा. नाही जमलं तर पुढच्या खेपेला इथं वॉर्डात भरती. परत न्यायचं नाव काढायचं नाही."

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अहो, मला त्या वॉर्डात टाकू नका. तिथल्या बायका बघितल्यात का, दिवसभर छताकडे बघत पडतात. मरायचंच तर मला माझ्या खाटेवर मरू द्या. खिडकीतून निदान शेजारणीची भांडणं तरी दिसतील."

झालं. रबर शोधायला फस्टगेर पायाला भिंगरी लावून फिरला.

स्पेअर पार्टच्या दुकानातला पोरगेला मालक हसला. "काका, हे मॉडेल बंद झालं तेव्हा मी रांगत होतो."

भंगारवाल्याकडे तसल्या तीन जीपा उभ्या होत्या, तिन्हींचं रबर उंदरांनी खाल्लेलं. "रबर सोडून काय पाहिजे ते माग," भंगारवाला म्हणाला. "लोखंड म्हणशील तर आख्खी गाडी नेऊन टाक."

कुणी म्हणालं चिकटपट्टी मार. ती खाणीच्या पहिल्याच वळणाला सुटून फडफडायला लागली. यात आठवडा गेला, वर चार दिवस. तेव्हा कुठं त्याला जुन्या नमुन्यावरून नवं रबर बनवून देणाऱ्या एका रबरवाल्याचा पत्ता लागला.

फस्टगेरनं काचा उतरवल्या, जुनं रबर न तोडता अखंड काढलं, धुऊन पुसून पिशवीत घातलं, आणि सोमवारी सकाळी खडीच्या ट्रकवर बसून खाली गेला. जीप घरीच, बिनकाचेची.

रबरवाल्याचं दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, आत तापलेला प्रेस आणि जळक्या टायरसारखा वास. माणूस डोक्यापासून पायापर्यंत काजळीत, डोळे तेवढे पांढरे. त्याची एक रीत होती. नमुना दिल्याशिवाय काम घ्यायचा नाही, आणि दिल्यावर नमुन्याच्या बाहेर जायचा नाही.

"जसा नमुना, तसा माल," तो म्हणाला. "एक सूत इकडं नाही, तिकडं नाही. तोंडं जोडून अखंड कडं करून देतो, वारा शिरणार नाही. पण एक सांगा. जुनं रबर आटतं. काचेच्या चौकटीचं माप घेतलंय ना तुम्ही? लांबी जुळतेय ना?"

फस्टगेरनं माप घेतलं नव्हतं. आयुष्य इंजिनाखाली गेलं, रबराशी कधी संबंध आला नाही. आता माप आणायचं म्हणजे ट्रकनं वर जा, उद्या परत खाली या. "बनवायला किती दिवस?" त्यानं विचारलं.

"दोन. बुधवारी दुपारी देतो."

माप उद्या दिलं तर रबर गुरुवारी दुपारी मिळणार, म्हणजे गुरुवार हुकला. गुरुवार हुकला तर औषध हुकलं, नाहीतर उघड्या गाडीतून आणायचं आणि वॉर्डात सोडायचं. जन्मात कधी घाई न केलेल्या माणसानं तिथं घाई केली.

"घेतलंय," तो म्हणाला. "जुळतंय."

"मग झालं तर," म्हणून रबरवाल्यानं नमुना खिळ्याला टांगला.

बुधवारी संध्याकाळी अंगणात त्यानं नवं रबर चौकटीला लावून बघितलं. प्रत्येक कडं चार बोटं आखूड. बायको दारात खुर्चीवर बसून बघत होती, म्हणून तो तसाच कामाला लागला. साबणाचं पाणी लावलं, दोरी घालून ओढलं, गुडघा लावून ताणलं. रबर बसलं. त्यानं बादलीभर पाणी काचेवर मारलं.

"बघ, एक थेंब आत नाही."

"पाणी कशाला दाखवताय," ती म्हणाली, "मला काय गाडीत पोहायचंय?" पण हसली. बऱ्याच दिवसांनी.

गुरुवारी निघाले. पुढं खडीचे सहा ट्रक, मागं पांढरा ढग. अर्धा रस्ता छान गेला. मग ऊन तापलं, गाडीनं हाडं खिळखिळी केली, आणि ताणलेलं रबर आपल्या मूळ मापाला परत निघालं. तिच्या कानाजवळच्या कोपऱ्यातून ते सुटलं. बोटभर फट पडली आणि बारीक धार आत यायला लागली, पिठासारखी.

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो स्टिअरिंगला चिकटून खड्डे चुकवत होता. तिनं हळूच हात वर केला आणि फटीवर तळवा दाबून धरला.

"धूळ येतेय का गं?"

"नाही. समोर बघा तुम्ही."

तास-सव्वातास तिनं तो हात खाली घेतला नाही. खोकला आला तर ओठ मिटून आतल्या आत खोकली. दवाखान्याच्या दारात त्यानं तिच्या बाजूचं दार उघडलं तेव्हा तिची बोटं निळसर, तळवा पांढराफेक, आणि पापण्याही पांढऱ्या. तिला उतरता आलं नाही. दोघा वॉर्डबॉयनी उचलून नेली.

डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. नळी गळ्यात घातली आणि कागदावर एवढंच लिहिलं, भरती.

तिसऱ्या प्रहरी तो तिच्या कॉटपाशी बसला. तिच्या तोंडावर मास्क. शेजारच्या कॉटवरची बाई छताकडं बघत होती.

"मी माप घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "त्याला घेतलंय म्हणून सांगितलं."

तिनं मास्क उचलला. "मीही धूळ येत नाही म्हणून सांगितलं."

"का पण? मी गाडी वळवली असती."

"वळवून? मागंही धूळच होती की." मग थोडा वेळ नुसता श्वास. "वाटलं, हात धरून ठेवला तर कळणार नाही त्या बाईंना. परत घरी नेतील."

"नवं करून आणतो," तो म्हणाला. "चौकटीवर दोरी लावून, नीट मापून. पुढच्या खेपेला..."

"करा की. गाडीला चांगलं दिसेल."

नर्सनं येऊन मास्क खाली ओढला. नर्सची पाठ वळताच हिनं तो परत उचलला.

"घराची चावी शेजारणीकडं देऊ नका. कपाटं उघडते ती. आणि माझी खाट अंगणात काढून ठेवा, तुम्हाला आत वावरायला जागा होईल."

"खाट राहू दे तिथंच."

"बरं, राहू दे," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. त्यानं मास्क तिच्या नाकावर नीट बसवला, कडेनं बोट फिरवून कुठं फट राहिलीय का ते बघितलं, आणि बसून राहिला.