मडक्याची हाक

गेल्या पंधरा दिवसांत गुंडीच्या आईने कावळ्याची गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की तो तहानलेला कावळा खरंच दारात आला असता तर तिनेच त्याला बादलीभर पाणी पाजून कायमचा वाटेला लावला असता.

गुंडी चार वर्षांची. कानांची तपासणी दोनदा फसली होती. आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा, इतकंच काम. पहिल्यांदा तिने सगळे ठोकळे एकदम ओतले. दुसऱ्यांदा ते घेऊन खुर्चीखाली घर बांधायला बसली. शेरा दोन्ही वेळा एकच : सूचना पाळत नाही.

"पाळेल कशी? लाडावून ठेवलीय," सासूबाई म्हणाल्या.

"कान ठणठणीत आहेत गं तिचे," नवरा म्हणाला. "चॉकलेट काढलं की बरोबर येते."

येत होती. पण चॉकलेट दिसलं तरच, हे फक्त आईच्या लक्षात आलं होतं. गुंडी हट्टी आहे की तिला ऐकूच येत नाही, या एका प्रश्नापायी तिची झोप उडाली होती.

म्हणून रोज ऑफिसातून आल्यावर, चप्पल काढायच्या आधी कावळा. गुंडीला समोर घेऊन, तोंडाशी तोंड आणून. गुंडी कावळा, ठोकळा म्हणजे खडा, डबा म्हणजे मडकं.

"आवाज आला की खडा टाकायचा. नाही आला तर थांबायचं."

"का थांबायचं? त्याला तहान लागलीय ना?"

प्रश्न रास्त होता. "मडकं लहरी आहे," ती शेवटी म्हणाली. "ते हाक मारतं तेव्हाच खडा घेतं. उगाच टाकला तर थू करून बाहेर फेकतं."

"आगाऊच आहे मडकं," गुंडी म्हणाली. पण त्या दिवसापासून थांबायला लागली.

तिसऱ्या तपासणीला आई अर्ध्या दिवसाची रजा काढून तिला घेऊन गेली. जाड गाद्या लावलेली लहानशी खोली, काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई. गुंडी मांडीवर, समोर स्पीकर.

"आई, तुम्ही अजिबात हलायचं नाही हं," बाईंनी बजावलं. "दचकायचंसुद्धा नाही. मुलांना बरोबर कळतं."

टूं. ठोकळा पडला. जरा हळू टूं. पडला.

मग आणखी हळू. शेजारच्या घरात फोन वाजावा तितकं स्पष्ट आईला ऐकू आलं. गुंडीचा हात मात्र डब्यावर तसाच.

पुन्हा टूं. हात तसाच.

आईचा गुडघा शिवशिवला. एवढासा उचलला असता तरी ठोकळा पडला असता. घरचे खरे ठरले असते, आणि ती घरी जाऊन गाढ झोपली असती. तिने टाच जमिनीवर घट्ट दाबून धरली. मांडीवरचं पोर श्वास रोखून, शहाण्यासारखं, न आलेल्या हाकेची वाट बघत होतं.

तिसरं टूंही गेलं. मग मोठा आवाज आला आणि ठोकळा लगेच पडला.

"आज फार छान केलं हिने," बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "उगाच एकही टाकला नाही, म्हणून खात्रीने सांगते. हळू आवाज हिच्यापर्यंत पोचतच नाहीत. एकेक कान वेगळा तपासू, पण यंत्र लागणार."

बाहेर आल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला. "हट्टी नाहीये ती," आधी एवढंच बोलली, मग बाकीचं सांगितलं.

तो म्हणाला, "आईला मी सांगतो. तू नको सांगूस."

स्वयंपाकघरातून मारलेल्या हाका, वर घातलेले धपाटे, सगळं तिच्या अंगावर आलं. ती गुंडीसमोर उकिडवी बसली.

"दमलीस?" गुंडीने विचारलं.

"हो गं."

"मग नीट बस ना."

ती भिंतीला टेकून तिथेच फरशीवर बसली. गुंडीही शेजारी पाय पसरून बसली. येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात राहिले.