पाठ टेकली की

पहिली फेरी. घंटा अजून वाजलेली नाही.

पिंजरा जुन्या जालन्यातल्या एका ग्रिलवाल्याने बनवून दिला होता. एरवी तो दुकानांची शटरं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा, म्हणून सवयीने त्याने पिंजऱ्याच्या दारालाही कुलूप घालायची कडी ठोकली होती. त्या दारातून भुजंग वाकून आत शिरला तशी बाहेरून आरोळी आली.

"भुजंग्या, कडी लाव आतून! न्हाई तं पळशील!"

लोक हसले. भुजंग हसला नाही. मातीला हात लावावा म्हणून तो वाकला, तर बोटं ताडपत्रीवरून घसरली. खाली माती नव्हतीच. फोमच्या गाद्या, त्यांच्यावर ताणून बांधलेली हिरवी ताडपत्री.

भुजंग तातेराव, गाव वडीगोद्री, वय एकोणचाळीस. समोर हैदराबादचा चोवीस वर्षांचा गडी, अंगाने वेताच्या काठीसारखा. सन दोन हजार तीन, मार्चचा महिना, दुपारचे चार. ह्या प्रकाराला पोस्टरवर 'मिक्स फाईट' म्हटलं होतं. लाथ, बुक्की, कुस्ती, सगळं चालतं.

भुजंगची नजर मात्र त्या गड्यावर नव्हती. जाळीच्या भोकांतून तो एकच माणूस शोधत होता. कडूबा वस्ताद. वडीगोद्रीच्या तालमीचे, त्याला शिकवलेले, आणि नऊ वर्षांपूर्वी त्याला तालमीतून हाकललेले.

परवा भुजंगची बायको प्रभावती तालमीच्या ओट्यापर्यंत जाऊन आली होती. बाईमाणसाने त्याच्या पुढे जायचं नसतं. ओट्याखालूनच तिने सांगितलं, "रविवारी जालन्यात ह्यायची कुस्ती हाये. खरी हाये, वस्ताद. एकदा येऊन बघा."

"खरी?" म्हातारा एवढंच म्हणाला आणि आत गेला.

तिसऱ्या रांगेत, प्लॅस्टिकच्या लाल खुर्चीवर, पांढरं धोतर. दोन्ही हात काठीच्या मुठीवर.

आले होते.

नियम

सर्जेरावने माईकवर वाचून दाखवले. ही सगळी मांडामांड त्याचीच होती.

"पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. डोळ्यात बोट न्हाई, चावायचं न्हाई. हार मानायची आसंल तर हातानं थाप मारायची. अन् मंडळी, नीट ऐका! पाठ टेकली म्हंजे कुस्ती संपली, आसं हितं न्हाई! पंच थांबवत न्हाई तवर चालूच!"

लोकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. हलगीवाले हलगी तापवत बसले होते. भुजंगने ऐकलं. तीन महिने तो गोठ्याशेजारी कापसाच्या गाद्या टाकून हेच घोकत होता. पाठ टेकली तरी सोडायचं नाही. डोक्यात पक्कं बसलं होतं.

पहिली फेरी

पहिली लाथ मांडीवर बसली आणि भुजंगला आपली मांडी परक्याची वाटली. दुसरीही तिथेच. बावीस वर्षांत त्याला कोणी लाथ मारली नव्हती. मारली असली तरी आधी सांगून, हळू मारली होती. तो पट काढायला, गड्याचे पाय धरायला, खाली गेला तर गुडघा तोंडावर आला. नाकातून गरम काही तरी ओठावर उतरलं.

"कुंकू हाये ते कुंकू!" गर्दीतून कोणी तरी ओरडलं. "जुनी आदत हाये त्याची!"

भुजंगने जीभ फिरवली. खारट होतं. तिसऱ्या रांगेतून ती चव कळत नाही.

घंटा.

मधली विश्रांती. एक मिनिट. तेवढ्यात पंधरा वर्षं सांगायची, तर अशी:

जत्रेतल्या कुस्त्या वर्षातून चार महिने. उरलेले आठ महिने पैलवानाने काय खायचं? अठ्ठ्याऐंशी साली सर्जेराव गावात आला. त्याची फ्री-स्टाईलवाल्यांची कंपनी होती. तंबू, दोरखंडाचा आखाडा, तिकीट. त्याने भुजंगच्या तोंडाला काजळ फासलं आणि 'काळा भुजंग' नाव दिलं. काम सोपं होतं. आधी दगाबाजी करायची, डोळ्यात भुकटी फेकायची, नाकावर कुंकवाचं पाणी लावायचं, आणि शेवटी समोरच्याने मनगट दोनदा दाबलं की आडवं व्हायचं. भुजंग परभणीला पडला, बीडला पडला, लोणारला पडला. पडण्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. बायाबापड्या टाळ्या वाजवायच्या.

चौऱ्याण्णव साली भोकरदनला तंबू लागला. कडूबा वस्ताद बाजाराला आले होते, बैल पाहायला. पोस्टरवर नाव वाचलं आणि तिकीट काढून बसले. भुजंगला ते दिसले ते पाठ टेकल्यावर. उताण्या पडलेल्या माणसाला पहिली रांग उलटी दिसते. उलटे वस्ताद उठले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भुजंग तालमीत गेला, तर उंबऱ्यावर वस्तादांनी फावड्याचा दांडा आडवा धरला.

"किती कुस्त्या हारला?"

"मोजल्या न्हाई, वस्ताद."

"अन् त्याच्यात खऱ्या किती?"

भुजंगने दांड्याला हात लावला, दांडा हलला नाही.

"जितला का हारला, ते मला नको सांगू," वस्ताद म्हणाले. "एक खरी दाखव. तवर ह्या उंबऱ्याच्या आत पाय न्हाई."

नंतर घरोघरी टीव्हीवर परदेशी झुंजी दिसू लागल्या, तंबू ओस पडला. सर्जेरावने धंदा बदलला. आज सकाळी जुन्याच सवयीने त्याने भुजंगच्या खांद्यावर हात टाकला होता.

"तो तरणा हाये, भुजंगा. तुझी हाडं जुनी झाली. दुसऱ्या फेरीत पडतो का? मी बोलतो त्याच्याशी."

"न्हाई."

"आरे, लोकायला काय कळतं?"

"एकाला कळतं."

घंटा.

दुसरी फेरी

आता भुजंग दूर राहिला नाही. दूर राहिलं की लाथ, हे त्याला समजलं होतं. दोन बुक्क्या कपाळावर घेतल्या, तिसरी यायच्या आत तो गड्याच्या छातीला छाती लावून उभा होता. गडी ढकलत होता. कोपराने बरगडीत मारत होता. मार. मारून घे. भुजंगने त्याचा उजवा हात बगलेत घेतला आणि आवळला.

हात लावताच कळलं. समोरच्याचा भार उजव्या पायावर आहे, श्वास अर्धा आहे, आणि तो कोणाच्या इशाऱ्याची वाट पाहत नाहीये. पंधरा वर्षांत भुजंगच्या हाताला घाबरलेलं अंग लागलं नव्हतं. हे अंग घाबरलं होतं.

बाहेर हलगी सुरू झाली. कोणी सांगितली नव्हती. हलगीवाल्यांना पकड कळते.

भुजंगने कंबर आत घातली, पाय आडवा टाकला, त्याला उचलून फिरवला आणि

(१९८१. हे इथेच सांगावं लागेल, कारण हातांना ते इथेच आठवलं.)

गावची जत्रा. भुजंग सतरा वर्षांचा, पहिली जाहीर कुस्ती. समोरचा अंबडकडचा. भुजंगने त्याला ढाकेवर, कमरेवरून उचलून, घेतला आणि चीत केला, आणि आनंदाच्या भरात छातीवर तसाच बसून राहिला. एक क्षण, फार तर दोन. तेवढ्यात पाठीवर छडी पडली. कडूबा वस्ताद स्वतः फडात उतरले होते.

"पाठ टेकली की हात सुटला पाहिजे! पडलेल्याला धरतो? कुत्रं हायेस का?"

महिनाभर रोज शंभर वेळा करून घेतलं. टाक, पाठ टेकव, सोड, मागे हो, मातीला हात लाव. चुकलं की छडी. महिन्याने छडी लागेनाशी झाली. हात आपोआप सुटायला लागले.

दुसरी फेरी, तिथूनच

आणि पाठ टेकली. दोन्ही खांदे, सपाट. ताडपत्रीचा असा आवाज झाला की मागच्या झाडावरचे बगळे उडाले.

मैदान उभं राहिलं. फेटे हवेत गेले. हलगी घुमायला लागली. तीन हजार माणसांनी एका आवाजात "चीत!" म्हटलं, आणि भुजंगचे हात सुटले.

तो मागे झाला. वळला. वाकून ताडपत्रीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. वस्ताद उभे होते. काठी वर उचललेली. तोंड उघडं. ते काही तरी ओरडत होते.

मागून मानेभोवती हात आला.

तो हात सापासारखा गेला आणि कुलपासारखा बसला. गड्याचे पाय कमरेला विळखा घालून होते. भुजंग आधी गुडघ्यावर, मग कुशीवर आला. कानांत ढोल वाजायला लागले. थाप मार, पंच म्हणत होता, थाप मार. एक थाप आणि सुटका. कंपनीत असताना मनगट दोनदा दाबलं की सुटका व्हायची.

भुजंगने दोन्ही मुठी आवळून छातीखाली दाबून धरल्या.

शेवटचं दिसलं ते पांढरं धोतर. मग तेही

तिसरी फेरी

झाली नाही.

नंतर

शुद्ध आली तेव्हा पाण्याचे पाऊच जाळीवर आपटून फुटत होते.

"सेटिंग! सेटिंग!"

"पाठ करून उभा राह्यला, बघा! लेकरू तरी आसं करंल का?"

"काळा भुजंग हाये तो. आमच्या बापानं बी त्याला पडतानाच पाह्यला!"

भुजंगने तिसरी रांग पाहिली. लाल खुर्ची रिकामी होती.

सर्जेराव ओला रुमाल घेऊन आला, वाकला, आणि कानाशी तोंड नेऊन खुशीत म्हणाला, "काय पडलास रे! मला बी कळलं न्हाई. कोनाशी बोलला व्हतास, सांग ना?"

भुजंगने बोलायचा प्रयत्न केला. घशातून आवाज आला नाही.

सोमवार, सकाळ

वडीगोद्रीला जीपमधून उतरला तर हायवेच्या हॉटेलावरच्यांनी बशीतला चहा तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं.

"पैलवान, आमच्याकडं बी पाठ करून दाखवा ना एकदा!"

प्रभावती त्याच्या मागोमाग चालत होती. ती वळली आणि म्हणाली, "तू समोरून ये की त्यायच्या. मंग बघू, कोन पाठ दाखवतं ते." बशा तोंडाला लागल्या. तालमीच्या ओट्यापाशी मात्र ती थांबली.

भुजंग उंबऱ्यापर्यंत गेला. आत कडूबा वस्ताद एकटेच माती उकरत होते. मातीत मुरलेल्या हळदीचा आणि ताकाचा वास येत होता. त्यांनी वर पाहिलं नाही. फावडं उठत होतं, पडत होतं. भुजंगच्या मनात आलं की हे आता कधीच वर बघणार नाहीत.

"सोडला काहून?" वस्ताद खाली बघतच म्हणाले.

भुजंगचा आवाज घोगरा, फाटका होता. "पाठ टेकली व्हती."

"तिथं पाठ टेकली तरी चालूच ऱ्हातं. माईकवर सांगत व्हता ना तो बोकड."

"डोक्याला ठाऊक व्हतं, वस्ताद."

फावडं थांबलं.

"तिथं लोक म्हनून राह्यले, कुस्ती विकली. जीपवाला म्हनला. हाटेलवाला म्हनला. मला बी वाटलं. पंधरा वर्षं पाठ विकलेला मानूस, त्याच्यावर इस्वास कसा ठेवावा?"

वस्तादांनी फावडं पुन्हा मातीत खुपसलं.

"थाप काहून न्हाई मारली?"

"तुमी बघत व्हते."

वस्ताद फावडं टाकून उंबऱ्याशी आले. मातीने भरलेला अंगठा धोतराला पुसला. "खाली बस. डोळे दाखव."

भुजंग गुडघ्यावर बसला. म्हाताऱ्याने अंगठ्याने त्याची एक पापणी वर ओढली, तोंड उजेडाकडे फिरवलं आणि वाकून पाहिलं. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता. बाहुलीच्या भोवती रक्त साकळलं होतं, लाल, दाट. मग दुसरा डोळा. तिथेही तेच. वस्तादांच्या श्वासाला तंबाखूचा वास होता.

"कुंकवानं आसं होत न्हाई," ते अखेर म्हणाले.

पापणी सोडली. वळून आत गेले. पाठमोरेच, भिंतीशी बोलल्यासारखे पुटपुटले, "छडी माझी व्हती ती."

भुजंग उंबऱ्याबाहेर तसाच बसून होता.

"आता काय, वाजतगाजत न्यायचं का तुला?" आतून आवाज आला. "चपला बाहीर काढ. फावडं तिथं पडलंय. निम्मी माती उकरायची राह्यलीये."