कपाटावरचा टेपरेकॉर्डर

सहा वाजता माझी धाकटी बहीण पहिल्यांदाच टीव्हीवर बातम्या वाचणार होती, आणि साडेचारला टीव्हीने मान टाकली. लाल दिवा लागायचा, टक् व्हायचं, चित्र जरासं डोकावायचं की पुन्हा अंधार. आईच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणजे खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे जाणं नाही. आणि मोबाईलवर तिला माणूस नि मांजर सारखंच दिसतं. मी टीव्हीच्या पाठीत दोन धपाटे घातले. तेवढीच माझी विद्या.

"हात बाजूला घ्या," बायको म्हणाली.

ती लिफ्ट दुरुस्त करते. अडकलेली माणसं आतून ओरडत असली तरी ही आधी वीज कुठवर येतेय ते बघते. घरीही तेच. सॉकेटला टेबललॅम्प लावून पाहिला, ठीक. वायर मीटरने तपासली, ठीक. माझा जीव टांगणीला आणि ही बाई भाजी निवडत बसल्यासारखी शांत! प्लग काढून तर चक्क दहा मिनिटं बसून राहिली.

"आत वीज साठलेली असते. तिला जाऊ द्या."

मग मागचं झाकण उघडलं. वीज साठवणाऱ्या एका नळकांड्याचं, कपॅसिटरचं, डोकं टम्म फुगलं होतं. त्याच मापाचा दुसरा हवा होता, आणि दुकानांना आज सुट्टी. तिने घर पालथं घातलं. शेवटी तिची नजर कपाटावर गेली आणि लगेच खाली आली.

तिथे बाबांचा टेपरेकॉर्डर होता. बाबा गेले त्याच वर्षी तो बंद पडला. आई रोज पुसते, पण कुणाला बोट लावू देत नाही. "मी बघू का?" असं बायकोने एकदा विचारलं, तर आई तिच्यावर केवढी कडाडली होती.

आज बायकोने विचारायच्या आधी आईनेच ओळखलं.

"काढ खाली. त्यात असेल तर घे."

एक कपॅसिटर मीटरवर चांगला निघाला. डाख देताना तिचा हात तसूभर हलला नाही. सहाला दहा कमी असताना टीव्ही लागला आणि लागलेलाच राहिला. माझी छाती अभिमानाने फुगली, सरळ सांगतो, आणि बहीण तर अजून दिसलीही नव्हती.

बातम्या संपल्यावर आईने डोळे पुसले. बायको टेपरेकॉर्डरचं झाकण बसवायला लागली, तेव्हा आईने तिचं मनगट धरलं.

"राहू दे उघडाच. उद्या दुरुस्त कर. आत कॅसेट आहे, ह्यांचा आवाज आहे तीत. कुणी हात लावला आणि तोही गेला तर, म्हणून भीत होते गं. तुझ्या हातून नाही जायचा."