विजेचा दगड

साखरखेर्ड्याच्या नीळकंठ गुरुजींना भूगोलाचं भारी वेड. ज्या पोरांनी तळ्यापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं, त्यांना ते शाळेच्या अंगणात चिखल कालवून बेट, द्वीपकल्प, सामुद्रधुनी करून दाखवत. चिखलात हात घालायला मिळतो म्हणून पोरंही खूश. पण पुढे पाषाणयुगाचा धडा आला आणि गुरुजींचं घोडं अडलं. गेलेला काळ चिखलाचा कसा करणार?

तेव्हा त्यांना मंजुळा सुईणीचा दगड आठवला. काळपट हिरवा, गुळगुळीत, एका अंगाला धार असलेला. आभाळातून विजेबरोबर पडला, अशी गावाची समजूत. मंजुळाबाई तो पाण्यात उगाळून बाळंतिणीला घोटभर पाजायची आणि मगच हात लावायची. तिची सासूही तेच करायची. गुरुजींनी मात्र पाहताक्षणी ओळखलं होतं, की ही माणसाच्या हातची कुऱ्हाड आहे, हजारो वर्षांपूर्वीची.

"दोन दिवस द्या, मंजुळाबाई. पोरांना दाखवतो."

"न्या, पण शनवारी परत पाह्यजे, गुरुजी. तुमच्याच शरयूचे दिवस भरत आले."

शरयू ही गुरुजींची एकुलती, आईवेगळी लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

धडा रंगला. नेमके त्याच दिवशी शाळा तपासायला डिपोटी साहेब आले. दगड पाहून हरखले आणि "हा नागपूरला दाखवला पाहिजे" म्हणत रुमालात बांधून घेऊनही गेले. गुरुजींच्या तोंडून 'नाही' फुटलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली होती ना! भला माणूस, पण कौतुकापुढे विरघळला.

शुक्रवारी सकाळीच शरयूला कळा सुरू झाल्या. मंजुळाबाई आली ती उंबऱ्यातच थबकली.

"दगड कुठी आहे?"

"साहेबांनी नेला. अहो, दगडात काही नसतं. गुण तुमच्या हाताला आहे."

"या हातानं त्याच्याबिगर कधी कामच केलं नाही, गुरुजी," ती म्हणाली. तरी आत गेली. तिचे हात कापत होते, ते गुरुजींनी पाहिलं.

मूल आडवं होतं. मेहकरचा दवाखाना बैलगाडीनं दिवसभराची वाट. दुपार कलली तेव्हा शरयू गेली, बाळही गेलं.

गुरुजी मसणवटीतून परतले तर मंजुळाबाई ओसरीच्या खांबाला डोकं टेकून बसली होती. सकाळपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"चाळीस वर्सात माह्या हातून असं झालं नाही," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेले मानूस. खरं सांगा, दगड असता तं पोरगी वाचली असती काय? का माहे हातच चुकले?"

गुरुजींना उत्तर ठाऊक होतं. कालच तर चाळीस पोरांपुढे त्यांनी ते ठणकावून सांगितलं होतं. पण आज समोर म्हातारी आपले दोन्ही पंजे उपडे करून बघत बसली होती, आणि गावातल्या निम्म्या पोरांना त्याच पंजांनी जगात आणलं होतं. गुरुजी तिच्याजवळ खाली जमिनीवर बसले.

"वाचली असती, मंजुळाबाई," ते म्हणाले. "तुमचे हात नाही चुकले. दगड मी नेला, म्हणून माझी शरू गेली."

तेव्हा कुठे ती मोकळ्या गळ्यानं रडली. गुरुजींना मात्र रडू येईना.